पाच तास सहा मिनिटं

१८७० साली हिंदुस्थानचा व्हाइसरॉय लॉर्ड मेयो खामगावला आला होता. निमित्त होतं एका लहानशा रेल्वेफाट्याचं. मुंबईहून भुसावळ, मलकापूर, शेगाव, अकोला करत जाणारी आगगाडी १८६७ सालीच नागपूरला पोचली होती. त्या मार्गावरच्या जलंबपासून खामगावपर्यंत तेरा-एक किलोमीटरचे रूळ नव्याने टाकले गेले होते. एवढ्याशा कामाला खुद्द व्हाइसरॉय येतो, यावरूनच त्या काळच्या खामगावचं वजन कळतं. हंगामात इथे कापसाच्या बैलगाड्यांची रीघ लागायची. सरकी काढून रुईच्या गाठी बांधल्या जायच्या आणि त्या मुंबईमार्गे थेट लँकेशायरच्या गिरण्यांकडे निघायच्या. अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे १८६१ ते १८६५ या वर्षांत तिकडचा कापूस अडला, तेव्हा इंग्रज व्यापाऱ्यांनी जगाच्या नकाशावर ज्या बाजारपेठा हेरल्या, त्यांत वऱ्हाडचं खामगाव वरच्या ओळीत होतं. युद्ध संपलं, भाव कोसळले, तरी खामगावची पेठ टिकली. फोलकार्टसारख्या स्विस पेढीने इथे आपलं बस्तान मांडलं.

हे सगळं कापसाच्या इतिहासात वाचायला मिळतं. मला त्यातली वेगळीच गोष्ट सांगायची आहे. १८७०च्या आसपास या मुलखातली वेळ बदलायला लागली. ती कोणत्या फर्मानाने किंवा दवंडीने बदलली नाही. रूळ आले, तारा आल्या आणि त्यांच्यासोबत दूरवरच्या एका शहराची वेळ स्टेशनाच्या भिंतीवर येऊन बसली.

त्याआधी वेळ ज्या त्या गावाची होती. सूर्य डोक्यावर आला की मध्यान्ह. दिवस कासराभर वर आला की औतं शेतात उतरलेली असायची, आणि तिरपी उन्हं घरात आली की बायका सांजेच्या कामाला लागायच्या. शेतकऱ्याला याहून बारीक हिशेब लागत नव्हता. लागायचा तो लग्नाच्या मांडवात. तिथे जोशीबुवा पाण्याने भरलेलं घंगाळ ठेवत आणि त्यात तांब्याची एक हलकी वाटी सोडत. वाटीच्या बुडाला बारीकसं छिद्र. त्यातून पाणी चढत चढत वाटी भरायची आणि डुबकन बुडायची, की एक घटका झाली. घटका म्हणजे आजची २४ मिनिटं. घटकेची पळं साठ आणि दिवसाच्या घटकाही साठ. ही वाटी सूर्योदयाला पाण्यात सोडायची, आणि सूर्योदय त्या गावचा. चिखलीचा मुहूर्त चिखलीच्या सूर्यावर, नागपूरचा नागपूरच्या. दोहोंत काही मिनिटांचं अंतर आहे याने कुणाचं काही बिघडत नव्हतं, कारण चिखलीचं वऱ्हाड दुपारच्या आत नागपूरला पोचण्याची सोयच नव्हती.

पण गावागावांच्या वेळेत फरक असतो हे आपल्याकडे कुणाला ठाऊक नव्हतं, असा समज कुणी करून घेऊ नये. आपल्या ज्योतिर्गणितात देशांतर नावाचा संस्कार आहे. ग्रहांची स्थिती एका मध्यरेषेसाठी काढायची आणि आपलं गाव त्या रेषेच्या पूर्वेला किंवा पश्चिमेला जितकं असेल, तितका काळ त्यात दुरुस्त करायचा. ही मध्यरेषा उज्जैनवरून जाते असं मानलं जाई. दक्षिणेकडे ती लंकेपर्यंत आणि उत्तरेकडे मेरूपर्यंत कल्पिलेली. ग्रीनिचला आज जो मान आहे, तो हिंदी ज्योतिषात उज्जैनला कित्येक शतकं होता. आणि इथे वऱ्हाडातल्या माणसाने जरा थांबावं. सातव्या शतकातल्या पहिल्या भास्कराने ‘महाभास्करीय’ या ग्रंथात त्या रेषेवरची जी ठिकाणं सांगितली आहेत, त्यांत वत्सगुल्म आहे. वत्सगुल्म म्हणजे वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी, आजचं वाशीम.

आजच्या नकाशावर मोजलं तर वाशीम उज्जैनच्या बरोबर दक्षिणेला नाही, सव्वा-दीड अंश पूर्वेला आहे. उज्जैनची रेषा सरळ खाली ओढली तर ती जामनेरजवळून जाते, म्हणजे बुलढाणा शहराच्या पश्चिमेला साधारण ४३ किलोमीटरवरून. त्या काळच्या साधनांनी इतका फरक राहणं साहजिक होतं. मला त्यात गंमत वाटते ती अशी, की उज्जैनची खरी रेषा आणि वाशीमची मानलेली रेषा या दोहोंच्या मधे अख्खा बुलढाणा जिल्हा बसतो. जगाची वेळ जिथून मोजावी असं आपल्या गणितज्ञांना वाटलं, तो हाच पट्टा.

पूर्व-पश्चिम अंतर मोजायची त्यांची युक्तीही सुंदर होती. चंद्रग्रहण ज्या क्षणी लागतं, त्या क्षणी ते पृथ्वीवर सगळीकडे एकदमच लागतं; त्या वेळी कुठे किती घटका रात्र झाली आहे, एवढाच काय तो फरक. मध्यरेषेसाठी काढलेल्या वेळेपेक्षा आपल्या गावी ग्रहण उशिरा लागलेलं दिसलं तर आपण पूर्वेला आहोत, आधी दिसलं तर पश्चिमेला. जितक्या घटकांचा फरक, तितकं देशांतर. ही रीत सूर्यसिद्धांतात आहे. तिच्या मुळाशी असलेलं गणित आजही तेच आहे. पृथ्वी २४ तासांत ३६० अंश फिरते, म्हणजे तासाला १५ अंश, म्हणजे एका अंशाला ४ मिनिटं. जुन्या मापात सांगायचं तर एका अंशाला १० पळं. पूर्वेला जाल तर मिळवा, पश्चिमेला जाल तर वजा करा. जगभरच्या घड्याळांचा सगळा हिशेब एवढ्यावर उभा आहे.

आता रेल्वेकडे वळू. मुंबईचं रेखांश पावणेत्र्याहत्तर अंशांच्या थोडं पुढे, म्हणून मुंबईची वेळ ग्रीनिचच्या ४ तास ५१ मिनिटं पुढे. कलकत्त्याची ५ तास ५३ मिनिटं पुढे. दोन्ही शहरांत एक तास दोन मिनिटांचा फरक. मुंबईकडून येणारी ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वे आणि कलकत्त्याकडून येणारी ईस्ट इंडियन रेल्वे मार्च १८७० मध्ये जबलपूरला एकमेकींना मिळाल्या, तेव्हा प्रश्न उभा राहिला की वेळापत्रक कुणाच्या घड्याळाचं धरायचं. मुंबईचं धरलं तर कलकत्ता रागावणार, कलकत्त्याचं धरलं तर मुंबई. तोडगा निघाला मद्रासचा. तिथे १७९२ पासून कंपनी सरकारची वेधशाळा होती, ताऱ्यांवरून घड्याळ लावायची सोय होती, तारेने सगळीकडे इशारा देता येत होता, आणि मद्रासचं रेखांश मुंबई आणि कलकत्ता यांच्या जवळपास मधोमध येत होतं. ग्रीनिचच्या ५ तास २१ मिनिटं १० सेकंद पुढे असलेली मद्रासची वेळ साऱ्या हिंदुस्थानच्या आगगाड्यांची वेळ ठरली.

मुंबईची वेळ ४ तास ५१ मिनिटं आणि मद्रासची ५ तास २१ मिनिटं. या दोहोंच्या बरोबर मधे काय येतं? पाच तास सहा मिनिटं. खामगावचं रेखांश आहे ७६.५७ अंश. त्याला चाराने गुणा. ३०६ मिनिटं आणि वर काही सेकंद येतात, म्हणजेच पाच तास सहा मिनिटं. खामगावचा सूर्य मुंबईच्या घड्याळापेक्षा पंधरा मिनिटं पुढे आणि स्टेशनावरच्या मद्रासच्या घड्याळापेक्षा पंधरा मिनिटं मागे चालत होता. कापूस विकणारं गाव बरोब्बर मध्यावर होतं. त्याला जी दोन घड्याळं सांभाळावी लागत होती, त्यांतलं एकही त्याचं नव्हतं.

हे सांभाळणं म्हणजे काय होतं ते जरा जवळून पाहू. सकाळी बाजारात सौदे होतात ते सूर्यावर, गाड्या उलगडल्या की. गाठी जलंबला न्यायच्या तर गाडीची वेळ मद्रासची. म्हणजे सावलीवरून दुपारचे बारा झाले असं धरून चालणाऱ्या माणसासाठी स्टेशनावर सव्वाबारा होऊन गेलेले असत. मुंबईत कुलाब्याच्या कॉटन ग्रीनवर सौदा व्हायचा तो मुंबईच्या वेळेवर, आणि रेल्वेचं घड्याळ त्याच्या अर्धा तास पुढे. मुंबईत बारा वाजले की खामगावच्या फलाटावर साडेबारा. हे झालं देशातल्या देशात. १८६९ च्या नोव्हेंबरात सुएझचा कालवा खुला झाला आणि १८७० मध्ये समुद्राखालची तार मुंबईपासून इंग्लंडपर्यंत जोडली गेली. तेव्हापासून खामगावच्या अडत्याला लिव्हरपूलचंही घड्याळ डोक्यात ठेवावं लागलं.

लिव्हरपूलच्या कापूस बाजारात सकाळचे दहा वाजतात, तेव्हा मद्रासच्या वेळेने दुपारचे ३ वाजून २१ मिनिटं होतात. खामगावच्या सूर्याने ३ वाजून ६ मिनिटं. मुंबईत ३ ला ९ मिनिटं कमी. म्हणजे लिव्हरपूलच्या भावाची पहिली खबर इथे येईपर्यंत इकडचा बाजार उठायच्या बेतात. ज्याला ही वजाबाकी पाठ होती त्याला कळायचं की आज सकाळी आपण जो भाव देतोय, तो लिव्हरपूलच्या कालच्या भावावर देतोय. ज्याला ती ठाऊक नव्हती, तो कापूस घेऊन आलेला कुणबी, त्याला एवढंच दिसायचं की सकाळचा भाव वेगळा होता आणि दुपारी वेगळा झाला. वेळेच्या ज्ञानाची किंमत शेतकऱ्याच्या खिशातून वसूल होत होती, आणि ही गोष्ट या इतिहासात सर्वांत कमी सांगितली गेली आहे असं माझं मत आहे.

तारेवरच्या वेळेचं कोडं तर कुणालाही चकवणारं होतं. तार ज्या गावाहून निघते, त्या गावची वेळ तिच्यावर पडते. खामगावहून मद्रास वेळेने दुपारी तीनला दिलेली तार समजा तासाभरात लिव्हरपूलला पोचली, तर तिथल्या घड्याळात सकाळचे दहा वाजून ३९ मिनिटं झालेले असणार. कागदावर पाहिलं तर तार निघण्याआधीच पोचली! आणि वाटेत तिला पाच तास एकवीस मिनिटं लागली, तर ज्या घटकेला निघाली त्याच घटकेला पोचली असं दिसणार. मुनीम लोकांना रोजची सवय झाली असेल, पण गणित न कळणाऱ्याला हा चमत्कारच. आणि हिशेब फक्त तासांचाच नव्हता. मुंबईत कापूस ७८४ पौंडांच्या खंडीवर विकला जाई, लिव्हरपूलला पौंडाला इतके पेन्स असा भाव असे. खंडी, पौंड, रुपये, पेन्स आणि वेळ, इतकी रूपांतरं करून मग वऱ्हाडातला भाव निघायचा.

पुढे अमेरिकेचा भावही यात आला. न्यूयॉर्कच्या कापूस बाजाराचे उघडते आणि बंद भाव मुंबईत तारेने यायचे आणि त्या आकड्यांवर जुगार चालायचा; आपल्याकडच्या मटक्याचं मूळ तिथे आहे. न्यूयॉर्कला दुपार झाली की मुंबईत रात्र असते, म्हणून तो धंदाही रात्रीचा.

वऱ्हाडात या सगळ्याविरुद्ध कुणी आवाज उठवला नाही. मुंबईत मात्र वेळेवरून अक्षरशः भांडण झालं. १८८१ मध्ये मुंबईचे गव्हर्नर सर जेम्स फर्ग्युसन यांनी सरकारी कारभार मद्रासच्या वेळेवर नेला. शहर खवळलं. आमचा सूर्य आम्ही पाहतो, मद्रासचा का पाहावा, असा एकंदर सूर. विद्यापीठाच्या राजाबाई टॉवरवरच्या घड्याळात कोणती वेळ दाखवायची यावर सिनेटमध्ये मत घेतलं, तेव्हा कौल मुंबई वेळेच्या बाजूने पडला. सरकारने त्या घड्याळाच्या दिव्यांचा खर्च नाकारला, कारण घड्याळ सरकारमान्य वेळ दाखवत नव्हतं. १८८३ मध्ये सरकारलाच माघार घ्यावी लागली.

त्या सुमाराला जगभर हीच धांदल चालू होती. इंग्लंडने १८८० मध्ये ग्रीनिचची वेळ कायद्याने देशभर लागू केली. अमेरिकेतल्या रेल्वे कंपन्यांनी १८ नोव्हेंबर १८८३ रोजी आपली घड्याळं तासातासाच्या पट्ट्यांत बसवली. ऑक्टोबर १८८४ मध्ये वॉशिंग्टनला २५ देशांचे प्रतिनिधी जमले आणि ग्रीनिचमधून जाणारी रेषा शून्य रेखांश म्हणून ठरली. फ्रान्सने ती बरीच वर्षं मानली नाही. पॅरिसची वेळ सोडायला त्यांनी १९११ उजाडू दिलं. हिंदुस्थानच्या वतीने त्या परिषदेत बसले होते जनरल रिचर्ड स्ट्रेची. उज्जैनच्या रेषेचं नाव तिथे घेणारं कुणी नव्हतं. ज्या देशात हजार-बाराशे वर्षं स्वतःची मध्यरेषा होती आणि देशांतराचं गणित पंचांगात रोज वापरात होतं, त्या देशाचा शब्द एका इंग्रज सेनाधिकाऱ्याच्या तोंडून गेला. परतंत्र देशाला स्वतःचं दुपारचं बाराही ठरवता येत नाही, हे त्या परिषदेत स्पष्ट झालं. शंकर बाळकृष्ण दीक्षितांनी ‘भारतीय ज्योतिषशास्त्र’ हा ग्रंथ १८९६ मध्ये मराठीत प्रसिद्ध केला. आपल्याकडे काय होतं याची नोंद आपल्याच भाषेत राहिली, ती त्यांच्यामुळे.

ग्रीनिचच्या मापात हिंदुस्थान बसवायचा तर दोन वाटा होत्या. देशाचे दोन पट्टे करायचे, पश्चिमेला ५ तास आणि पूर्वेला ६ तास. किंवा एकच वेळ ठेवायची, मधली साडेपाच तास. पहिली वाट चर्चेत होती. ती पत्करली असती तर बुलढाणा पश्चिमेच्या पट्ट्यात आला असता. बुलढाण्याचं रेखांश ७६.१८, म्हणजे स्थानिक वेळ ५ तास ५ मिनिटं. आपल्याकडचा मध्यान्ह घड्याळात बाराला पाच कमी असताना आला असता, सूर्य आणि घड्याळ जवळजवळ हातात हात घालून चालले असते. पण लॉर्ड कर्झनच्या सरकारने एकच वेळ निवडली. साडेब्याऐंशी अंशांची, अलाहाबाद-मिर्झापूरकडून जाणारी रेषा धरली. १ जुलै १९०५ ला रेल्वे आणि तारखात्याची घड्याळं ८ मिनिटं ५० सेकंद पुढे सरकवली गेली. मद्रासची वेळ संपली, हिंदी प्रमाणवेळ सुरू झाली.

योगायोग असा की आजच्या बुलढाणा जिल्ह्याचा आकारही १९०५ सालचाच. त्याआधी खामगाव आणि जळगाव जामोद हे तालुके अकोल्यात होते. त्या वर्षी ते बुलढाण्याला जोडले गेले. घाटावरचे चिखली-मेहकर आणि घाटाखालचे मलकापूर-खामगाव-जळगाव असा जिल्हा झाला, त्याच वर्षी त्याची वेळही सूर्यापासून आणखी दूर गेली. आता मध्यान्ह घड्याळात बारा पंचविसाला येऊ लागला. नेमकं सांगायचं तर बुलढाण्याला २५ मिनिटं, खामगावला २४, शेगावला २३. जिल्हा पश्चिमेकडून पूर्वेकडे एक अंशभर रुंद आहे, तेवढ्यात चार मिनिटं जातात.

१ जानेवारी १९०६ पासून मुंबईतही सरकारने ही वेळ लागू केली. वंगभंगाने देश पेटलेला होता, स्वदेशीची चळवळ जोरात होती, त्यात हे. जेकब ससून गिरणीतले कामगार खवळून उठले, कारण नव्या घड्याळाने त्यांना ३९ मिनिटं आधी, अंधारात, कामावर यावं लागणार होतं. सर फिरोजशहा मेहतांचं म्हणणं होतं की लोकांना न विचारता त्यांची वेळ बदलली गेली. मुंबई महापालिकेने आपली घड्याळं मुंबई वेळेवरच ठेवली, ती स्वातंत्र्यानंतरही काही वर्षं. कलकत्त्यानेही आपली वेळ १९४८ पर्यंत जपली.

बुलढाण्याला असा पर्याय कुणी दिला नाही. इथे महापालिका नव्हती, सिनेट नव्हतं. रेल्वे घाटाखालून जात होती. जिल्ह्याचं मुख्य ठाणं घाटावर, आणि मलकापूरहून राजूर घाट चढून आल्याशिवाय तिथे पोचता येत नसे. बुलढाणा शहराला आजही स्टेशन नाही. खामगाव-जालना मार्गाची मागणी करत पिढ्या गेल्या. तरी वेळ मात्र आली रेल्वेचीच. ती कचेरीत शिरली, कोर्टात शिरली, शाळेच्या घंटेत शिरली. कोर्टात अकराची तारीख म्हणजे अकरा, मग देऊळगावराजाहून बैलगाडीने निघालेल्या पक्षकाराच्या सूर्याने साडेदहा वाजून पाचेक मिनिटं का होईनात. मुंबईकरांनी आपल्या वेळेसाठी भांडण केलं हे मला मनापासून भावतं. पण त्यांचं भांडण लक्षात राहिलं, आणि वऱ्हाडच्या हजारो गावांतून स्थानिक वेळ एका शब्दाशिवाय निघून गेली याची आठवणसुद्धा उरली नाही, हे बरं नाही.

प्रमाणवेळ नकोच होती, असं माझं म्हणणं नाही. एका रुळावर समोरासमोर दोन गाड्या दोन वेगवेगळ्या वेळांनी धावल्या तर माणसं मरतील. एक वेळ हवीच होती. मात्र ती लोकांना समजावून द्यायला हवी होती: तुमच्या गावचा सूर्य खोटा नाही, घड्याळही खोटं नाही, दोहोंमधला फरक इतका आहे आणि तो असा काढायचा. तेवढं कुणी केलं नाही. दुसऱ्या महायुद्धात तर १ सप्टेंबर १९४२ पासून १५ ऑक्टोबर १९४५ पर्यंत घड्याळं आणखी तासभर पुढे ढकलली गेली. त्या तीन वर्षांत बुलढाण्याचा मध्यान्ह दुपारी १ वाजून २५ मिनिटांनी होत होता.

आज हा हिशेब पुन्हा घराघरांत आला आहे. चिखलीचा मुलगा न्यूजर्सीत, मेहकरची मुलगी लंडनला, खामगावचं कुणी टोकियोत. आईने फोन केला की तिकडे मध्यरात्र असते. यावर एकच खात्रीचा उपाय आहे, आणि तो आपल्या जुन्या ज्योतिषांचाच: आधी मध्यरेषेवर जा, मग तिथून हव्या त्या गावी. आपल्या वेळेतून साडेपाच तास वजा करा, ग्रीनिच येतं. मग त्या देशाचा आकडा त्यात मिळवा किंवा वजा करा. चिखलीला रात्रीचे आठ म्हणजे ग्रीनिचला दुपारचे अडीच. न्यूयॉर्क हिवाळ्यात ग्रीनिचच्या ५ तास मागे, म्हणजे तिथे सकाळचे साडेनऊ. उन्हाळ्यात तिथे घड्याळ तासभर पुढे करतात, म्हणून साडेदहा. जपान ९ तास पुढे, म्हणजे तिथे रात्रीचे साडेअकरा.

चूक होते ती तारखेत. सोमवारी सकाळी सहाला मेहकरहून कॅलिफोर्नियाला फोन लावाल, तर ग्रीनिचला सोमवारचे रात्रीचे साडेबारा वाजलेले असतात, आणि त्यातून उन्हाळ्यातले सात तास वजा केले की रविवारची संध्याकाळ, साडेपाच. मुलीचा वाढदिवस सोमवारी असेल तर तिचा तो दिवस अजून उजाडायचा आहे. आणखी एक खाच अशी की अमेरिकेची घड्याळं मार्चच्या दुसऱ्या रविवारी पुढे जातात, ब्रिटनची मार्चच्या शेवटच्या रविवारी. त्या मधल्या दोन-तीन आठवड्यांत लंडनचं जुनं गणित चालतं आणि न्यूयॉर्कचं बदललेलं असतं. आपण मात्र जागचे हलत नाही. भारताने घड्याळ मागेपुढे करायचं टाळलं आहे, ते विषुववृत्ताच्या जवळच्या देशाला शोभणारंच आहे.

एवढं वाचून झाल्यावर बुलढाणा जिल्ह्यातल्या शिक्षकांना माझी एक विनंती आहे. शाळेच्या पटांगणात एक सरळ काठी उभी रोवा. दुपारी बाराच्या आधीपासून दर पाच मिनिटांनी सावलीच्या टोकाला खूण करा. सावली सर्वांत आखूड होईल तो तुमच्या गावचा मध्यान्ह. तो बाराला येणार नाही. वर्षभरात तो मागेपुढेही सरकतो, कारण पृथ्वीची कक्षा लंबवर्तुळाकार आहे आणि तिचा आस कललेला आहे. बुलढाण्याला फेब्रुवारीच्या मध्यावर तो १२ वाजून ३९ मिनिटांपर्यंत जातो आणि नोव्हेंबरच्या सुरुवातीला १२ वाजून ९ मिनिटांपर्यंत मागे येतो. ही सगळी मोजणी मुलांच्या हातून करवून घ्या. पूर्व काय, पश्चिम काय, रेखांश कशाला म्हणतात, हे मग फळ्यावर सांगावं लागणार नाही.

त्यातही एक दिवस चुकवू नका. मे महिन्यात साधारण २० ते २६ तारखांच्या दरम्यान सूर्य या जिल्ह्यावरून दक्षिणेकडून उत्तरेकडे सरकतो. आधी लोणार आणि सिंदखेडराजा, मग बुलढाणा, शेवटी जळगाव जामोद. ज्या दिवशी तो तुमच्या गावावर येतो, त्या दिवशी मध्यान्ही उभ्या काठीची सावली नाहीशी होते. जुलैत तो पुन्हा येतो, पण तेव्हा आभाळ भरलेलं असतं. बुलढाणा शहरात मेमधली ती वेळ येते दुपारी १२ वाजून २२ मिनिटांच्या आसपास. शाळांना सुटी असते, ऊन रणरणतं असतं. तरी मुलांना दहा मिनिटांसाठी बोलवा.